रुंद रकाना

युसूफ पिंजारीने पान्हा पुसत विचारलं,
"मंग भो, तठला पाळणा कसा व्हता?"
मी खिशातून वही काढली.
चोपडा डेपोत छत्तीस वर्षं एसटीचे ब्रेक बांधणारा माणूस
वहीशिवाय कुठे जात नाही,
लेकीकडे हॉलंडला गेला तरी नाही.

रकाने मी विमानातच आखले होते:
तिकीट, रांग, सावली, पाणी, ब्रेक.
शेवटचा रुंद ठेवला.

पॅरिसकडच्या बागेत किल्ला गुलाबी.
पाण्याची बाटली इतक्याला
की कोकिळा म्हणाली, तहान उद्या लागेल.

जर्मनीत रुस्ट नावाचं गाव आहे,
तिथे एका कुंपणात अख्खा युरोप बसवलाय.
सत्तर मिनिटं रांग, मग दोन-तीन मिनिटांचा झोका.
रांगेतच आम्ही दशम्या सोडल्या.
मागच्या म्हाताऱ्याने चटणीकडे बोट दाखवलं,
दिली.
पुढच्या दोन वळणांपर्यंत तो नाक पुसत होता
आणि पुन्हा बोट दाखवत होता.
लोखंड मात्र, युसूफ, असं
की जोडावर नख फिरवलं तर अडत नाही.
ब्रेक चुंबकाचा. शिवत नाही, घासत नाही,
जळक्या लायनरचा वास नाही.
रकान्यात लिहिलं: उत्तम.
काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, ते लिहिलं नाही.

हॉलंडात कचऱ्याची पेटी बोलते.
तोंड वासून कागद मागते, दिला की आभार मानते.
कोकिळेने पर्स उलटी केली तिच्यापुढे:
बसची तिकिटं, गोळ्यांचं पाकीट,
आणि बागेची पावती.
म्हणून त्या दिवसाचा पहिला रकाना कोरा आहे.

व्हिएन्नाचा पाळणा सव्वाशे वर्षांचा.
लढाईत जळला. पुन्हा उभारला
तेव्हा डबे निम्मेच टांगले, आणि ते तसंच राहिलं.
डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागाही फिरतात,
माथ्यावर जातात,
तिथून सगळं शहर बघून खाली येतात.
इथे युसूफने पान्हा खाली ठेवला.
त्याच्याही सोळातले दोन पाळणे काढलेले,
दांड्याला तडा गेलाय म्हणून.
"गर्दी कितीबी व्हवो," म्हणाला, "मी टांगत नही."

आणि कोपनहेगन.
लाकडी गाडी, शंभरी ओलांडलेली,
डोंगराच्या पोटातून धडधडत जाते.
तिच्या मधोमध एक माणूस बसतो, ब्रेक ओढायला.
उतारावर सगळे हात वर करतात,
त्याचे दोन्ही खाली.
मी तीनदा बसलो. कोकिळा बाकावर सुपारी कातरत होती,
तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
चौथ्यांदा कठड्याशी उभा राहिलो,
पोरगा माझ्या धाकट्याच्या वयाचा,
त्याला तळहात दाखवला, अंगठ्याखालचा घट्टा.
त्याने हातमोजा काढला.
त्यालाही तिथेच.
मग घंटा झाली.

"ते जाऊ दे. एक नंबर कोणता?"
घोड्यांच्या बाजारातून एक शिंगरू किंचाळलं.
सारंगखेड्याला मार्गशीर्षात तापीवरून येणारं वारं
वहीची पानं आपलीच उलटत होतं.
"आधी तुझं ग्रीस दाखव," मी म्हटलं.
डब्यात बोट घातलं, दोन बोटांत चोळलं:
रेती.
ते पुसायला लावलं, माझ्या पिशवीतलं भरलं,
बेअरिंगला कान लावला.
तोवर युसूफ पोरांची उंची मोजत होता,
त्याच्या पट्ट्याच्या बकलाएवढं पोर चालतं,
त्याखालचं आईच्या मांडीवर.
मग तो दांड्याजवळून सरकला.
"बस," म्हणाला.

तिकीट: चाळीस.
रांग: अकरा पोरं, एक घोडेवाला, त्याची नवी बायको.
सावली: सूर्य बुडालाय.
पाणी: माठात.
ब्रेक:
हा रकाना रात्री भरेन,
आत्ता हात मोकळे नाहीत.